जुन्या पिकअपच्या केबिनसाठी तयार पॅनेलांचा संच : आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्याकडील १९७८ची शेवरोले सी-१० पिकअप बाहेरून पाहणाऱ्याला भुरळ घालते. दार उघडले की मात्र पाहणारा गप्प होत असे. दोन्ही दारांच्या पॅनेलांना हात टेकण्याच्या जागी तडे गेले होते, छताचे कापड सुटून चालकाच्या डोक्याला टेकत होते, पायांजवळच्या दोन किक पॅनेलांपैकी एक अर्धे मोडून नाहीसे झाले होते आणि विंडशील्डच्या दोन्ही बाजूंच्या खांबांवरील पट्ट्या उन्हाने इतक्या पांढुरक्या पडल्या होत्या की बोट फिरवले तर बोटाला पूड लागे. अशा गाड्यांसाठी आतल्या पॅनेलांचे नव्याने बनवलेले पूर्ण संच मिळतात. त्यांपैकी एक मी मागवला, स्वतः बसवला आणि आता त्याला आठ महिने झाले आहेत. विक्रेत्याचे नाव येथे देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते एका दुकानापेक्षा या पद्धतीने बनवलेल्या सगळ्याच पॅनेलांना लागू पडते.

निकाल आधीच सांगून टाकतो. छत आणि किक पॅनेले यांसाठी हा संच घ्यावा. खांबांच्या आणि दारांवरच्या पट्ट्या खटपट करण्याची तयारी असेल तर घ्याव्यात. दारांच्या पॅनेलांसाठी मात्र, जुनी पॅनेले निम्मीशिम्मी जरी शाबूत असतील, तरी तीच दुरुस्त करावीत. मी शेवटी तेच केले, आणि ती दुरुस्ती करताना संचातील नव्या पॅनेलाचा उपयोग झाला तो फार वेगळ्या तऱ्हेने.

संचात एकूण बारा तुकडे येतात : दारांची दोन पॅनेले, दोन किक पॅनेले, खांबांच्या दोन पट्ट्या, दारांवर बसणाऱ्या दोन पट्ट्या, केबिनच्या मागच्या कोपऱ्यांची दोन आवरणे, छताचा एक अखंड तुकडा आणि सीटच्या पाठीमागे बसणारा एक जाड तक्ता. शिवाय क्लिपा व स्क्रू यांची एक पिशवी, रेक्झिन आणि प्लॅस्टिकसाठीच्या रंगाचे दोन स्प्रेकॅन आणि चार घड्यांचे एक सूचनापत्रक मिळते. मागणी नोंदवताना गाडीचे वर्ष आणि श्रेणी दोन्ही कळवावी लागतात. १९७३ ते १९८७ या काळातील गाड्या एकाच पिढीच्या मानल्या जात असल्या, तरी दारांची पॅनेले सर्व वर्षांची सारखी नाहीत. विजेवर चालणाऱ्या काचांचा पर्याय १९७७मध्ये आला, आणि हाताने फिरवायच्या काचेसाठीचे पॅनेल व बटणाच्या काचेसाठीचे पॅनेल यांची भोके अर्थातच वेगळी असतात. कस्टम डिलक्स, स्कॉट्सडेल, शायेन आणि सिल्व्हराडो या श्रेणींचा आतला साजही एकसारखा नव्हता. आपली गाडी नेमकी कोणती हे ठरवताना आठवणीवर किंवा आधीच्या मालकाच्या सांगण्यावर विसंबू नये. हातमोज्यांच्या कप्प्याच्या दारावर आतल्या बाजूने कारखान्याची एक चिकटपट्टी असते, तिच्यावर त्या गाडीला कारखान्यात दिलेले पर्याय आणि रंग सांकेतिक रूपात छापलेले असतात. माझ्या गाडीची चिकटपट्टी पिवळी पडली होती, पण वाचता येत होती.

जुनी पॅनेले काढण्याच्या कामाबद्दल सूचनापत्रकात एकच वाक्य आहे : ‘जुनी पॅनेले काळजीपूर्वक काढा.’ या काळजीचा अर्थ मला पहिल्याच दाराला कळला. काच फिरवण्याचे हँडल या गाड्यांत स्क्रूने नव्हे, तर घोड्याच्या नालाच्या आकाराच्या एका लहानशा पोलादी चापाने अडकवलेले असते आणि तो चाप हँडल व पॅनेल यांच्या मधल्या फटीत दडलेला असतो. त्यासाठी खास चिमटा मिळतो, पण तो नसेल तर जुन्या सुती कापडाची दोन बोटे रुंद पट्टी त्या फटीत घालून बूट पुसल्यासारखी डावीकडे-उजवीकडे ओढावी; कापडाचा धागा चापाच्या टोकात अडकतो आणि चाप निघतो. तो निघतो म्हणजे उडतो. माझा पहिला चाप उडाला तो दोन दिवसांनी सीटच्या रुळात सापडला. दुसऱ्या वेळी मी हँडलवर टॉवेल टाकून ठेवला. काच पूर्ण वर असताना हँडल कोणत्या दिशेला होते याचा एक फोटोही काढून ठेवावा, नाहीतर परत बसवल्यावर ते गुडघ्याला लागते.

पॅनेले निघाल्यावर जे दिसले त्याचा या संचाशी थेट संबंध नाही, परंतु नवे पॅनेल घाणीवर आणि गंजावर चढवून देणे म्हणजे स्वतःलाच फसवणे आहे, म्हणून थोडे सांगतो. विंडशील्डच्या खालच्या जाळीतून आत गेलेले पाणी केबिनच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरून बाहेर पडावे अशी रचना असते. त्या वाटेत पाने आणि माती साचली की तिथे ओल धरते आणि किक पॅनेलामागचा पत्रा आतून कुजू लागतो. माझ्या उजव्या बाजूला मूठभर काळी माती निघाली. सुदैवाने पत्र्याला आरपार भोक पडलेले नव्हते. तारेच्या ब्रशने सुटा गंज काढला, खोलगट जागी राहिलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्ल असलेले द्रावण लावले, ते धुऊन पूर्ण वाळवले, इपॉक्सी प्रायमरचे दोन हात दिले आणि जिथे ब्रश पोहोचत नाही त्या पोकळीत नळीने मेणाचा फवारा मारला. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून घासायचे ते पाण्याने ओले करून आणि तोंडाला योग्य मास्क लावूनच घासले.

त्याच वेळी दारांच्या आणि मागच्या भिंतीच्या पत्र्याला थरथर शोषणारी ब्युटाइल रबराची चिकट चादर लावून घेतली. या चादरीने पत्रा मढवून टाकायची गरज नसते. पत्र्याच्या मोठ्या, सपाट, ढोलासारख्या वाजणाऱ्या भागाच्या मध्यावर सुमारे पाव क्षेत्र झाकले तरी थरथर बरीचशी थांबते. उरलेले वजन आपण उगाच वाहून नेतो. दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोके मात्र कोणत्याही परिस्थितीत झाकू नयेत, कारण काचेच्या रबराजवळून दारात पाणी शिरणारच आहे आणि त्याला बाहेर पडायला तीच वाट आहे.

आता मुख्य विषय. खोके उघडल्यावर पहिला धक्का बसला तो पॅनेलांच्या वजनाचा. दाराचे नवे पॅनेल जुन्याच्या मानाने इतके हलके होते आणि एका टोकाला धरून उचलले की इतके लवत होते, की ते खरोखर त्याच जागी बसणारे आहे का, अशी शंका आली. ही काटकसर नाही, ही घडवण्याच्या पद्धतीतील तफावत आहे, आणि ती समजली की संचाचे सगळे गुणदोष आपोआप समजतात.

कारखान्यातील मूळ पॅनेल बंद साच्यात वितळलेले प्लॅस्टिक प्रचंड दाबाने भरून तयार झालेले असते. साचा दोन्ही बाजूंनी असल्याने पॅनेलाच्या पाठीवरही हवे ते घडवता येते : बळकटीसाठी उभ्याआडव्या बारीक फासळ्या, स्क्रूच्या जागी जाड कडी, क्लिप अडकवण्यासाठी खाचा. पुढच्या बाजूला चामड्यासारखा जो दाणा दिसतो तोही साच्यातच कोरलेला असतो, म्हणून वळणावर, कोपऱ्यात, खोलगट भागात तो सगळीकडे सारखा उमटतो. असा साचा बनवणे फार खर्चिक असते. लाखो गाड्या बनवणाऱ्यालाच तो परवडतो. संचातील नवे पॅनेल या पद्धतीचे नाही. त्यासाठी ए.बी.एस. प्लॅस्टिकचा सपाट तक्ता तापवून मऊ करतात, एका बाजूच्या साच्यावर टाकतात आणि खालची हवा शोषून घेऊन तो साच्याला चिकटवतात. थंड झाल्यावर कडा कापल्या की पॅनेल तयार. साचा एकाच बाजूचा असल्याने स्वस्तात होतो, आणि पंचेचाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीची पॅनेले आज कुणी बनवून विकू शकतो ते केवळ त्यामुळेच. याबद्दल तक्रार करणे कृतघ्नपणाचे ठरेल.

परंतु या पद्धतीच्या काही मर्यादा टाळता येत नाहीत. तापलेला तक्ता जिथे खोल ओढला जातो तिथे ताणून पातळ होतो. मी व्हर्नियरने मापून पाहिले : दाराच्या पॅनेलाच्या सपाट भागाची जाडी ३ मिलिमीटर होती, तर हात टेकण्याच्या जागेच्या खालच्या कोपऱ्यात ती जेमतेम दीड मिलिमीटर भरली. म्हणजे जुन्या पॅनेलाला ज्या जागी तडा गेला, नेमक्या त्याच जागी नवे पॅनेल सर्वांत नाजूक आहे. पाठीवर फासळ्या नाहीत. दाणा तक्त्यावर आधीच उमटवलेला असल्याने वळणावर तोही ताणला जातो आणि कडेला प्लॅस्टिक गुळगुळीत, चकचकीत दिसते. सपाट भाग पाहिला तर मूळ पॅनेलाशी तोडीस तोड, पण दार उघडून तिरक्या उजेडात पाहिले की डोळ्याला खटकतेच. आणि कडा हाताने कापलेल्या असल्याने दोन बाजूंची जोडपॅनेलेही एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. माझ्या खांबांच्या पट्ट्यांत डावी उजवीपेक्षा ४ मिलिमीटर लांब होती.

त्या पट्ट्यांचे काम मी सावकाश केले आणि ते निभावले. खोक्यातून आल्या तेव्हा त्या पिळवटलेल्या होत्या; त्यांना सपाट फळीवर ठेवून हिट गनने लांबूनच, सतत हात हलवत ऊब दिली आणि हातमोजे घालून सरळ केले. ए.बी.एस. सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते, त्यामुळे एकाच जागी गन रोखली तर दाणा वितळून डाग पडतो. जास्तीची कड आधी कापू नये. पट्टी जागेवर धरावी, कागदी चिकटपट्टीने खूण करावी, कानशीने थोडेथोडे घासावे आणि पुन्हा धरून पाहावे. मी डावी पट्टी सात वेळा लावली आणि सात वेळा काढली. त्यानंतर ती डॅशबोर्डच्या कडेला अशी बसली की फटीत पोस्टकार्डही जाऊ नये.

दारांच्या बाबतीत मात्र माझ्याकडून चूक झाली, आणि त्या चुकीत संचाचाही वाटा आहे. दाराच्या नव्या पॅनेलांना भोके पाडलेली नसतात. जिथे भोक पाडायचे तिथे साच्यातच एक बारीक खळगी उमटलेली असते. सूचनापत्रकात लिहिले होते की खळग्यांच्या मध्यावर ड्रिल करा. मी तसे केले. काचेच्या हँडलसाठी गोल करवतीने स्वच्छ भोक पाडले, पॅनेल दाराला लावले आणि पाहतो तर हँडलचा दांडा भोकाच्या मध्याऐवजी जवळजवळ कडेला, ९ मिलिमीटर मागे. भोक मागच्या बाजूला वाढवले तर दांडा बाहेर आला, पण पुढच्या बाजूला हँडलच्या तबकडीने झाकली न जाणारी चंद्रकोर उघडी राहिली. त्या चंद्रकोरीतून दाराचा पत्रा दिसत होता. मी बराच वेळ ते पाहत उभा होतो.

खळग्या चुकू शकतात हे सूचनापत्रकाने सांगायला हवे होते, आणि जुने पॅनेल नव्यावर ठेवून भोके आधी कागदावर उतरवून घ्यायला मला सुचायला हवे होते. उजव्या पॅनेलाच्या बाबतीत मी तसे करून पाहिले, तेव्हा हँडलची खळगी ५ मिलिमीटरने आणि हात टेकण्याच्या पट्टीच्या एका स्क्रूची ६ मिलिमीटरने चुकलेली निघाली. म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूची चूकही एकसारखी नाही. विक्रेत्याला फोटो पाठवून विचारले असता, ‘गाडीगणिक थोडाफार फरक असतोच,’ असे उत्तर आले. गाडीगणिक फरक असतो हे खरे आहे, पण त्याच दारावर जुने पॅनेल आजही चपखल बसत होते.

तेव्हा ठरवले की दारांची जुनीच पॅनेले वाचवायची. पहिला प्रश्न होता तो प्लॅस्टिक कोणते याचा, कारण ए.बी.एस.ला जी दुरुस्ती चालते ती पॉलिप्रॉपिलीनला चालत नाही. पाठीवर अक्षरे उमटलेली असतील तर प्रश्नच मिटला. नसतील तर न दिसणाऱ्या कडेचा नखाएवढा तुकडा कापून पाण्यात टाकावा; त्याला हवेचे बुडबुडे चिकटलेले नाहीत याची खात्री करावी. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असल्याने तरंगते, ए.बी.एस. किंचित जड असल्याने बुडते. माझ्या दारांच्या पॅनेलांचे तुकडे बुडाले. दुसरी खूण अशी की ए.बी.एस.वर ॲसिटोनचा थेंब टाकला की पृष्ठभाग चिकट होतो, पॉलिप्रॉपिलीनवर काहीच होत नाही.

ॲसिटोनमध्ये ए.बी.एस. विरघळते, आणि या दुरुस्तीचे सारे मर्म त्यात आहे. चंद्रकोर पडलेले नवे पॅनेल मी कात्रीने कापायला घेतले. त्याच्या नखाएवढ्या चिपा काचेच्या बरणीत टाकल्या, त्या बुडतील इतके ॲसिटोन ओतले, पत्र्याचे झाकण घट्ट लावले आणि रात्रभर ठेवले. सकाळी बरणीत मधासारखा दाट, काळा लगदा तयार होता. हा लगदा तड्याला बाहेरून चिकटत नाही, तो जुन्या प्लॅस्टिकला वरून विरघळवून त्याच्यात मिसळतो. वाळल्यावर सांधा आणि पॅनेल एकच वस्तू होतात. अट एवढीच की जोड दोन्हीकडे ए.बी.एस.चाच असावा. ॲसिटोनची वाफ पेट घेते, म्हणून हे काम उघड्यावर आणि आगीपासून दूर करावे, हे वेगळे सांगायला नको.

प्रत्येक तड्याच्या टोकाला आधी ३ मिलिमीटरचे भोक पाडले. भोक पाडले नाही तर तडा दुरुस्तीच्या पलीकडे पुढे सरकत राहतो. गोल भोकाशी त्याचे टोक बोथट होऊन तो थांबतो. मग पाठीची बाजू पॉलिशपेपरने खरखरीत केली, तड्यावर काचतंतूंची जाळी बसवली आणि तिच्यावर लगद्याचा हात दिला. ॲसिटोन उडून गेले की लगदा आकसतो, म्हणून एकाच वेळी जाड थर देऊन उपयोग नाही. मी एकेका दिवसाच्या अंतराने तीन हात दिले. पुढच्या बाजूने तड्याच्या फटीत काडीने लगदा भरला आणि पूर्ण वाळल्यावर २२०, ३२० आणि ४०० नंबरच्या पेपरने क्रमाने घासला. दाण्याच्या जागी दाणा परत येत नाही. घासलेली रेघ मला माहीत आहे म्हणून मला दिसते. हात टेकण्याची पट्टी जिथे स्क्रूने आवळली जाते त्या जागी पाठीमागून नव्या पॅनेलाच्या सपाट भागाचा तळहाताएवढा तुकडा ठिगळासारखा डकवला. मूळ पॅनेलाची फासळी आणि वर हे ठिगळ, अशी ती जागा आता आधीपेक्षा मजबूत झाली आहे.

रंगाबद्दल दोन शब्द. संचासोबत आलेल्या रंगावर गाडीच्या मूळ रंगाचे नाव छापलेले होते, आणि झाकण उघडल्यावर तो त्या रंगाच्या जवळपास फिरकणारा निघाला. मूळ रंग कोणता, हे पॅनेलाच्या उन्हात राहिलेल्या तोंडावरून ठरवूच नये, ए.बी.एस.मधील रबराचा अंश उन्हाने झिजतो, म्हणून वरचा थर पांढुरका आणि ठिसूळ होतो. पट्टीखाली, स्क्रूच्या वॉशरखाली किंवा पॅनेलाच्या पाठीवर जो रंग टिकून असतो तो खरा. माझ्या जुन्या पॅनेलावर वॉशरच्या आकाराचे गडद निळे वर्तुळ होते; संचातील निळा त्यापेक्षा हिरवटपणाकडे झुकलेला होता. सगळी पॅनेले त्याच रंगाने रंगवायची असल्याने मी तो वापरला, कारण केबिनमध्ये सगळे एकसारखे दिसले की मूळ रंगाशी तुलना करायला समोर काही उरत नाही. ज्यांना डॅशबोर्ड न रंगवता फक्त पॅनेले जुळवायची आहेत त्यांनी रंग दुसरीकडून जुळवून घ्यावा.

रंग म्हणून तो उत्तम आहे, हेही नोंदवले पाहिजे. पातळ आहे, दाणा बुजवत नाही, आणि आठ महिन्यांत दाराच्या वरच्या कडेला, जिथे कोपर घासतो, तिथेही उडालेला नाही. अर्थात पूर्वतयारी करावी लागते. जुन्या पॅनेलांवर वर्षानुवर्षे चकाकीसाठी सिलिकॉनचे पॉलिश चोळलेले असते आणि त्याचा अंश राहिला तर रंग गोल गोल फाकतो. मी पॅनेले साबणाच्या पाण्याने दोनदा ब्रशने घासली, वाळवली, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. येथे चुकूनही ॲसिटोन वापरू नये, ते का हे वर आलेच आहे. त्यानंतर २० ते २५ सेंटिमीटर अंतरावरून, धुक्यासारखे, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने चार हात. पहिल्या हातानंतर पॅनेल चट्टेपट्टेरी दिसते आणि एकदाच भरभरून फवारावे असा मोह होतो. तो आवरावा.

छताबद्दल मात्र माझी काहीही तक्रार नाही. जुन्या छताचे कापड सुटते ते बहुधा त्यामागच्या पातळ फोमचा भुगा झाल्याने; कापड पुन्हा चिकटवू पाहिले तर ते भुग्याला चिकटते आणि महिन्याभरात परत लोंबते. संचातील छत हा फोम आणि कापडासह साच्यात घडवलेला अखंड, कडक तुकडा आहे. सीट बाहेर काढून, दोघांनी धरून, उजव्या दारातून तिरका आत घ्यावा लागतो. मध्ये किंचित वाकवला तरी सुरकुती पडली नाही. कडा दारांवरच्या पट्ट्यांखाली दडतात, त्यामुळे येथे दोन-चार मिलिमीटरचा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. आतल्या दिव्याचे भोक पाडलेले नव्हते आणि खळगीही नव्हती. माझ्या मते तेच बरे. छत वर दाबून धरले, दिव्याच्या जागी बोटाने चाचपले, लहान भोक पाडून तिथून बाहेरच्या दिशेने वाढवत गेलो. किक पॅनेलेही अशीच सहज बसली. त्यांचा आकार साधा आहे, खोल ओढ नाही, म्हणून ती सगळीकडे जवळजवळ सारख्याच जाडीची उतरली आहेत.

मागच्या कोपऱ्यांपैकी एक आवरण वाटेतच फुटून आले होते. फोटो पाठवताच विक्रेत्याने काही न विचारता दुसरे पाठवले आणि फुटके परत मागितले नाही. सीटमागच्या तक्त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. तो तिथे आहे. क्लिपांची पिशवी मात्र निरुपयोगी निघाली. त्या पत्र्याच्या भोकांत सैल बसत होत्या. मी जुन्याच क्लिपा उकळत्या पाण्यात टाकून, थोड्या मऊ करून परत वापरल्या आणि मोडलेल्यांच्या जागी मापाच्या वेगळ्या घेतल्या.

बसवल्यानंतर महिन्याभराने एक गोष्ट लक्षात आली. दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीत डाव्या दारावरची पट्टी मध्यभागी फुगून धनुष्यासारखी वाकलेली दिसे आणि संध्याकाळी आपोआप सरळ होई. सूचनापत्रकाप्रमाणे मी तिचे सगळे स्क्रू आवळून बसवले होते. ए.बी.एस. पोलादापेक्षा कितीतरी अधिक प्रसरण पावते. एक मीटर लांबीची पट्टी ४० अंशांनी तापली तर सुमारे ३ ते ४ मिलिमीटर वाढते, आणि दोन्ही टोके जखडलेली असतील तर ती वाढ जाणार कुठे? पट्टी काढून मधल्या स्क्रूचे भोक तसेच ठेवले, बाकीची गोल कानशीने लांबट केली, वॉशर घातले आणि स्क्रू हाताला लागतील इतपतच आवळले. तेव्हापासून ती सरळ आहे. ही दोन ओळींची सूचना पत्रकात असती तर माझा एक रविवार वाचला असता.

सध्या केबिनमध्ये बारांपैकी दहा तुकडे संचातले आहेत आणि दारांवर मूळचीच दोन पॅनेले आहेत. उजव्या दाराचे नवे पॅनेल भोक न पाडता खोक्यात ठेवून दिले आहे. डाव्याचा उपयोग चालूच आहे : मध्यंतरी डॅशबोर्डखालच्या आवरणाचा कान तुटला, नंतर ॲश ट्रेच्या चौकटीला तडा गेला, आणि प्रत्येक वेळी कात्री आणि बरणी बाहेर निघाली. त्या पॅनेलाचा चंद्रकोरीपासून वरचा सगळा भाग आतापर्यंत बरणीत गेला आहे.